राखीला माफ, स्वेटरला नाही

परदेशातून टपालाने राखी आली तर तिच्यावर कर नाही. त्याच पाकिटातून भावासाठी एखादा शर्ट आला तर मात्र आहे. हा माझा विनोद नव्हे मंडळी, सरकारी नियम आहे. १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. टपालाने किंवा कुरियरने येणारी वस्तू "भेट" म्हणून सोडवून घ्यायला तिने बंदी केली. त्याला अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधे आणि राखी. आणि राखीपुढे कंसात खुलासा आहे की राखी चालेल, पण राखीच्या निमित्ताने पाठवलेल्या भेटी चालणार नाहीत. हा कंस ज्याने कोणी लिहिला त्याला नक्की बहीण असणार, असे मला उगीचच वाटते. नाहीतर एवढे बारीक सुचत नाही.

खाली आणखी एक ओळ आहे. पूर्ण कर भरलात तर भेटवस्तू आणायला हरकत नाही. म्हणजे बंदी वस्तूवर नाही, "भेट" या शब्दाला मिळणाऱ्या सवलतीवर आहे. त्यापूर्वी ठराविक किमतीपर्यंतची खरीखुरी भेट टपालाने आली तर करमाफी मिळत असे. राखी सुटते तीसुद्धा भावनेपोटी नव्हे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात, कराची रक्कम शंभर रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती वसूल करू नये असे एक कलम आहे, त्याचा आधार राखीला दिला आहे. दोन धागे आणि एक चमकी, त्यावर कर तो किती होणार!

आता तुम्ही म्हणाल, बाईंना या वयात हे कस्टमचे काय खूळ लागले? बी. ए.ला माझा विषय मराठी, आणि उभी हयात शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. पण परीक्षा जवळ आली की नावडता विषयही अभ्यासावा लागतो. माझ्या परीक्षेचे नाव आहे स्वेटर.

माझी धाकटी बहीण १९७८ साली लग्न होऊन इंग्लंडला गेली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे आज एकाहत्तरची. आईने आम्हां दोघींना विणायला शिकवले ते सायकलच्या तारांवर, कारण विणायच्या सुयांसाठी वेगळे पैसे काढणे तेव्हा घरात बसत नव्हते. मी दोन टोपरी आणि एक अर्धा मफलर एवढ्यावर थांबले. तिचा हात मात्र असा बसला की बोलता बोलता, टीव्ही बघता बघता, कधी कधी पेंगतासुद्धा टाके बरोबर पडतात. तिकडे थंडी आहे, संध्याकाळी चारला अंधार पडतो, आणि सहा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेल्यापासून घरात ती एकटी असते. मुलगा दुसऱ्या गावी. तिचा हिवाळा लोकरीच्या गुंड्यांवर सरतो असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

पूर्वी ती विणलेले सगळे "येणाऱ्याबरोबर" पाठवायची. परदेशात ज्यांचे कोणी आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. कोणीतरी येणारा असतोच. पुण्याच्या मावसदिराचा मेहुणा, नाहीतर तिच्या शेजारणीच्या ओळखीचे कोणी. त्याच्या बॅगेत आपले एक पुडके जाते आणि बदल्यात आपण त्याच्याकडे चिवडा, मसाला पोचवतो. प्रवाशाच्या सामानाचे नियम तसे सढळ. स्वतःचे वापरातले कपडे तर सुटतातच, शिवाय २०१६ च्या नियमांत भारतात राहणाऱ्या प्रवाशाला पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या इतर वस्तू बिनकराच्या आणता येत होत्या. त्यात एखादा स्वेटर कुठल्या कुठे जातो. म्हणजे तोच स्वेटर, तीच लोकर, तीच बहीण. माणसाबरोबर आला तर पाहुणा, टपालाने आला तर माल!

पण येणारे कमी झाले. ज्यांच्या ओळखीवर हे चालायचे ते आमच्यासारखेच म्हातारे झाले आणि त्यांनी विमानप्रवास सोडला. पुढच्या पिढीला कोणाचे पुडके नेणे आवडत नाही. त्यांचेही खरे आहे, बॅगेत दुसऱ्याने काय घातले आहे याची जबाबदारी कोण घेणार? धाकटीला तर कोणाचे उपकार घेणे पहिल्यापासून जड जाते. म्हणून २०२२ च्या डिसेंबरात तिने पहिल्यांदाच पार्सल टपालाने पाठवायचे ठरवले. माझ्यासाठी मोरपंखी स्वेटर आणि ह्यांच्यासाठी लोकरी पायमोज्यांचे दोन जोड.

पार्सलवर एक छोटा फॉर्म चिकटवावा लागतो. त्याला सीएन २२ म्हणतात. वस्तू जास्त किमतीच्या असल्या तर सीएन २३. जगातल्या सगळ्या देशांचे टपाल ज्या संघटनेच्या नियमांनी चालते, त्या १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेचे हे फॉर्म, म्हणून सगळीकडे सारखे. त्यात वस्तूचे वर्णन, नग, वजन आणि किंमत लिहायची, भेट असेल तर भेटीच्या चौकोनात खूण करायची आणि वरील मजकूर खरा आहे म्हणून सही करायची. तिने तिकडच्या पोस्टातून मला फोन लावला.

"ताई, किंमत काय लिहू?"

"काय पडली?"

"लोकर बत्तीस पौंडांची. मोज्यांची दहाची. पण विणायला दीड महिना लागला, तो कुठे लिहायचा?"

त्यासाठी रकाना नव्हता. वस्तू कुठल्या देशात बनली असाही एक प्रश्न असतो. ती म्हणाली, लोकर ऑस्ट्रेलियाची, खुर्ची इंग्लंडमधली आणि हात नाशिकचे, आता तूच सांग!

इथे आमच्या घरातले सल्लागार जागे झाले. पाच पौंड लिही म्हणावं. "जुने कपडे" लिही म्हणावं, कोण बघतो? हा सल्ला इतक्या घरांत इतक्या सहजपणे दिला जातो की तो खोटेपणा आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. मी मात्र शाळामास्तरीण. आमच्या पिढीचा निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला. शाळेत घालताना मुलाचे वय बसवण्यासाठी कोणीतरी एक तारीख ठोकून दिलेली, आणि मग पोरगा सत्तर वर्षांचा होईपर्यंत त्या तारखेशी संसार करतो. दोन मिनिटांच्या सोयीसाठी कागदावर लिहिलेले खोटे किती वर्षे पुरते ते मी हजेरीपटावर पाहिले आहे. शिवाय "जुने कपडे" लिहिण्यातली एक गंमत सांगते. वापरलेले कपडे बाहेरून आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्या व्यापाराला परवाना लागतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात आणि तिथे निवडले जातात, पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचे सूत काढून त्याची ब्लँकेटे होतात. तेव्हा नव्याकोऱ्या स्वेटरला जुना म्हटल्याने तो फार सुरक्षित जागी जातो असेही नाही.

मी तिला म्हटले, लोकरीची पावती आहे ना, तेच लिही. तिने बेचाळीस पौंड लिहिले.

पार्सल आले जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे आधी चिठ्ठी आली, पैसे भरून पार्सल घेऊन जा. टपालाने परदेशातून येणारे पार्सल आधी विदेश डाकघरात जाते. मुंबईचे बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. तिथे ते सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ठेवले जाते, वाटले तर उघडून पाहिले जाते, किंमत ठरते, कर ठरतो आणि मग ते आपल्या गावच्या पोस्टात येते. कर आपण पोस्टात भरायचा. माझा आकडा तीन हजार आठशेच्या थोडा वर होता.

आमचे हे म्हणाले, शून्य एक जास्त पडलेले दिसते. तसे नव्हते. मी रात्री पाटी-पेन्सिल घेऊन बसले (खरोखरची पाटी, नातीची राहिलेली आहे). हिशोब असा. किंमत वस्तूचीच नव्हे तर टपालखर्चासकट धरतात. सोयीसाठी ती पाच हजार रुपये धरा. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या वस्तूवर मूळ सीमाशुल्क तेव्हा पस्तीस टक्के होते, म्हणजे १,७५० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १७५. झाले ६,९२५. आता या सगळ्या रकमेवर, म्हणजे करासकट, अठ्ठावीस टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, तो १,९३९. एकूण कर ३,८६४ रुपये. शेकड्याला ७७ रुपये २८ पैसे. पोस्टातल्या माणसाने काही चूक केली नव्हती. मी पैसे भरले आणि पावती कपाटात साडीच्या घडीत ठेवली.

त्यानंतर दर बदलले. मूळ शुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात पस्तीसवरून वीस टक्क्यांवर आले आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात ते दहा टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. हे चांगलेच झाले. पण भेटीला भेट म्हणून मिळणारी माफी गेली ती गेली.

आणि ती का गेली याचे कारण मला अजिबात खोटे वाटत नाही. त्या सुमारास चिनी कंपन्यांच्या मोबाइलवरच्या दुकानांतून लोक टॉप, कुर्ते, खेळणी मागवत आणि विकणारे ते भेट म्हणून पाठवत. हजारो माणसांना रोज कोणीतरी चीनमधून भेट पाठवते आहे, असे कागदावर दिसत होते! मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागावर कापड निघते, सोलापूरला चादर निघते, लुधियानात स्वेटर निघतात, ते सगळे कर भरून बाजारात येणार आणि हे भेटीच्या नावाखाली फुकट येणार. तक्रार झाली, ती रास्त होती. पण आपण वर्गात पाहिलेले आहे ना, मागच्या बाकावरून कागदी बाण येतो, कोणी मारला ते कळत नाही आणि मग सगळा वर्ग उभा. या पद्धतीवरून मी आमच्या मुख्याध्यापकांशी एकदा चांगला वाद घातला होता. त्यांचे म्हणणे, गुन्हेगार शोधायला वेळ कुठे आहे? बरोबर आहे, वेळ नसतो. रोज येणाऱ्या ढिगात कुठल्या पुडक्यात दुकानाचा माल आहे आणि कुठल्यात बहिणीचा स्वेटर, हे उघडून बघितले तरी कसे ओळखणार? मी ओळखू शकते, कारण तिच्या विणीत गळ्यापाशी एक टाका कायम घट्ट पडतो.

आमच्या पुतण्याने सोपा हिशोब मांडला. काकू, थंडीत तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात ना, त्या पैशांत तिथे चार आले असते. आले असते. खरे तर लहानपणी आम्हांला बाहेरच्या कपड्याची जी हाव होती ती आजच्या मुलांना कळणारच नाही. "फॉरेनचा" या एका शब्दासाठी लोक मुंबईला मनीष मार्केटात जायचे. कोणाच्या अंगावर जपानी साडी दिसली तर बायका पदर हातात घेऊन बघायच्या. आज इंग्लंडच्या दुकानातल्या शर्टाची पट्टी उलटून बघावी तर भारत नाहीतर बांगलादेश. कपड्यासाठी म्हणून बाहेरून काही यायची गरजच उरलेली नाही. त्यामुळे जे अजूनही टपालाने येते ते वेगळ्याच कारणासाठी येते, आणि त्या कारणाला किमतीच्या रकान्यात जागा नाही.

हे काही आपल्याच देशाचे नाही, बरे का. इकडून तिकडे पाठवतानाही तीच तऱ्हा. इंग्लंडमध्ये भेट एकोणचाळीस पौंडांपर्यंत असेल तर कर नाही, पुढे त्यांचा व्हॅट लागतो. आता नाशिकच्या बहिणीने येवल्याची पैठणी पाठवायची ठरवली तर ती एकोणचाळीस पौंडांत कशी बसेल? पदरसुद्धा बसणार नाही. आणि अमेरिकेची कथा तर गेल्या वर्षी सगळ्यांनीच भोगली. तिथे २०१६ पासून आठशे डॉलरपर्यंतची पार्सले बिनकराची जात होती, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली गेली. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला नियमात माफी राहिली होती, पण कर कोणी गोळा करायचा आणि कसा भरायचा याचाच घोळ, म्हणून विमान कंपन्या टपाल घेईनात. आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सले थांबवली, महिनाअखेर उरलेलीही. पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ला! पुतण्याच्या मुलीसाठी खणाचे परकर-पोलके शिवून ठेवले होते, ते दिवाळी संपल्यावर गेले. तिने ते थँक्सगिव्हिंगला घातले, फोटो आला, टर्की आणि खण एकाच चौकटीत. असो.

मूळ गोष्टीकडे येते. धाकटीला मी कराचा आकडा सांगितला नाही. फोनवर तिने विचारले, काही भरावे लागले का गं? मी म्हटले, किरकोळ. सरकारशी खरे बोलायला लावले आणि बहिणीशी मी खोटे बोलले, हे माझे मलाच हसू येत होते, पण त्याचा मला आजही पस्तावा नाही. आमच्या आईने आयुष्यभर हेच केले. माहेरून आलेल्या पाटल्या मोडल्या तरी माहेरी कळू दिले नाही. देणाऱ्याने किमतीची चिठ्ठी काढून द्यायची आणि घेणाऱ्याने आपल्याला काय पडले ते बोलायचे नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. सीएन २२ च्या आधीपासूनची.

त्यानंतर दोन हिवाळे आणखी दोन पार्सले आली. दोन्ही वेळा भरले, दोन्ही वेळा किरकोळ म्हटले. गेल्या डिसेंबरात भाचा भारतात आला होता, तो चार दिवस आमच्याकडे राहिला. कपाटातून त्याच्यासाठी शाल काढताना साडीच्या घडीतून तिन्ही पावत्या खाली पडल्या. तो हिशोब तपासण्याच्याच धंद्यात आहे, त्याने उचलताना वाचल्या. परत गेल्यावर आईला सांगितले.

तिचा फोन आला तेव्हा रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "ताई, मी आपली प्रेमाने विणते आणि दंड तुला. आता नाही पाठवायची." मी पुष्कळ सांगितले, माझी पेन्शन आहे, वर्षातून एकदा आहे, दर उतरताहेत. ती ऐकेना. मग हळूच म्हणाली की तशीही बोटे आखडतात हल्ली, सुरुवातीचे टाके घालायलाच अर्धा तास जातो. जानेवारीत तिने काही विणले नाही. भाचा सांगतो, लोकरीची टोपली माळ्यावर ठेवली आहे आणि आई दुपारी झोपते. ती दुपारी झोपणारी बाई नाही.

म्हणून हे इथे लिहिते आहे. फोनवर ती विषय बदलते, पण माझे लिहिलेले मात्र सगळे वाचते, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा काढते.

धाकटे, तीन वर्षांत मिळून मी दहा-अकरा हजार भरले असतील. एवढे पैसे आपण देवदर्शनाच्या एका सहलीत घालवतो आणि हॉटेल वाईट होते म्हणून वर तक्रार करतो. तो दंड नव्हे. तुझ्या विणण्याची किंमत कोणी कधी कुठे लिहिली नव्हती, आईने नाही, तुझ्या सासरने नाही, तूही नाही. एका अनोळखी अधिकाऱ्याने ते पुडके उघडून बघितले, ही किमती वस्तू आहे असे ठरवले आणि तसा शिक्का मारला. मला ते फारसे वाईट वाटले नाही, खरे सांगते.

निफाडला पारा चार-पाचवर उतरला की आमच्याकडे पहाटे दात वाजतात, ते तुला माहीत आहे. मोरपंखी स्वेटर कोपरावर विरला आहे. ह्यांना बिनबाह्यांचा हवा, गळा इंग्रजी व्हीसारखा, छाती पूर्वी चाळीस होती ती आता अडतीस धर, वाळलेत. माझ्या बाह्या मागच्या वेळी अर्धा इंच लांब झाल्या होत्या, ते तेव्हा सांगितले नव्हते. आता सांगते. रंग कुठलाही, राखाडी सोडून. घाई नाही, एक बाही एका महिन्यात झाली तरी चालेल. आणि लोकरीची पावती टाकून देऊ नकोस, पोस्टात जाताना पर्समध्ये ठेव, आकडा तीत पाहूनच लिही.